शुगर तीच, किडनी वेगळी

वीस-पंचवीस वर्षं मधुमेह असलेल्या माणसाचे डोळे तपासले, तर पडद्यावर काही ना काही खुणा सापडतात. टाइप १ मधुमेहात तर वीस वर्षांनंतर यातून जवळजवळ कुणीच सुटत नाही. किडनीचं तसं नाही. तितकीच वर्षं, तितकीच शुगर घेऊन जगलेल्या कितीतरी लोकांच्या किडन्या शाबूत राहतात. टाइप १ मधुमेहाच्या रुग्णांचा वर्षानुवर्षं माग काढल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. किडनीचा आजार नव्याने सुरू होण्याचं प्रमाण पहिल्या पाच वर्षांत नगण्य असतं, पंधरा ते वीस वर्षांच्या सुमारास ते सर्वांत जास्त होतं आणि त्यानंतर चक्क उतरणीला लागतं. नुसत्या साखरेने किडनी झिजत असती, तर वर्षं सरतील तसा धोका वाढतच गेला असता. तो घटतो, म्हणजे ज्यांच्या किडन्या जायच्या होत्या त्या गेल्या आणि मागे राहिले ते मुळातच वेगळ्या घडणीचे होते.

आपल्याकडे डायलिसिसवर असलेल्या मधुमेही माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण एकच ऐकवतो: पथ्य पाळलं नाही, गोड सोडलं नाही, गोळ्यांची टाळाटाळ केली. यात तथ्य आहे, पण अर्धंच. रक्तातली साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवल्याने किडनीचा धोका घटतो, हे मोठमोठ्या चाचण्यांनी निर्विवाद सिद्ध झालंय. तरीही एकाच दवाखान्यात, सारख्याच एचबीएवनसीच्या (म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या) दोन रुग्णांपैकी एकाची लघवी स्वच्छ राहते आणि दुसऱ्याच्या लघवीतून प्रथिनं जायला लागतात. दुसऱ्याच्या माथी बेफिकिरीचा शिक्का मारण्याआधी त्याच्या भावंडांकडे पाहायला हवं.

ते पाहिलं गेलंय. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी अशी कुटुंबं निवडली, जिथे एकापेक्षा जास्त भावंडांना मधुमेह होता. ज्यांची किडनी मधुमेहाने निकामी झाली होती, त्यांच्या २९ मधुमेही भावंडांपैकी २४ जणांच्या किडनीत बिघाड सापडला. ज्यांची किडनी धड होती, त्यांच्या १२ मधुमेही भावंडांपैकी फक्त दोघांच्या. पुढच्याच वर्षी ॲरिझोनातल्या पिमा आदिवासींचे आकडे आले. मधुमेह झालेल्या मुलांपैकी किती जणांच्या लघवीतून प्रथिनं जातात? आईवडील दोघांनाही तो त्रास नसेल तर १४ टक्के, एकाला असेल तर २३, दोघांनाही असेल तर ४६ टक्के.

भारतातला दाखला चेन्नईचा आहे. विजय विश्वनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांची भावंडं तपासली. किडनीचा आजार असलेल्यांच्या मधुमेही भावंडांत ५० टक्क्यांच्या लघवीत उघड प्रथिनं आणि आणखी २६.७ टक्क्यांत सूक्ष्म प्रमाणात अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन सापडलं. निरोगी किडनीवाल्यांच्या भावंडांत हेच आकडे शून्य आणि ३.३ टक्के होते. अभ्यास लहान होता, पण दोन गटांतली तफावत योगायोग म्हणून सोडून देण्याजोगी नाही. ‘आमच्या घरात सगळ्यांच्याच किडन्या जातात’ असं एखादी आजी सांगते, तेव्हा तिने आकडेवारीच सांगितलेली असते.

मग जनुकांचा शोध सुरू झाला. पहिली काही वर्षं त्यात फारसं हाती लागलं नाही. रक्तदाबाशी संबंधित अमुक जनुक संशयित, म्हणून तेवढंच शेदोनशे रुग्णांत तपासायचं, अशी तेव्हाची पद्धत. एका देशात संबंध दिसायचा, दुसऱ्या देशात नाहीसा व्हायचा. संशयित आधीच ठरवून पुरावे गोळा करण्याची ही रीत मला तरी कधीच भरवशाची वाटली नाही. चित्र बदललं ते संपूर्ण जनुकसंच चाळण्याची सोय झाल्यावर आणि अनेक देशांनी आपापले रुग्णसमूह एकत्र आणल्यावर. २०१९ मध्ये टाइप १ मधुमेह असलेल्या १९,४०६ युरोपीय वंशाच्या लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जनुकसंचातल्या सोळा जागा किडनीच्या आजाराशी जोडलेल्या निघाल्या. सगळ्यांत ठळक जागा होती दुसऱ्या गुणसूत्रावरच्या ‘सीओएल४ए३’ या जनुकात.

हे जनुक काय करतं ते समजायला किडनीत जरा आत शिरावं लागेल. एकेका किडनीत नेफ्रॉन नावाची सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळणयंत्रं असतात आणि प्रत्येकाच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा एक बारीक गुंता असतो. या गुंत्यांमधून दिवसाकाठी १८० लिटरच्या आसपास पाणी गाळलं जातं आणि त्यातलं बहुतेक सगळं पुढच्या नळ्यांमध्ये परत शोषलं जातं. गाळणीला तीन थर असतात: आतून केशवाहिनीच्या सच्छिद्र पेशी, बाहेरून बोटांसारखे फाटे एकमेकांत गुंतवून बसलेल्या पोडोसाइट नावाच्या पेशी आणि दोहोंच्या मध्ये एक पातळ पटल. निरोगी माणसात ते मिलिमीटरच्या साधारण तीन हजाराव्या भागाइतकं जाड असतं. त्याचा सांगाडा चौथ्या प्रकारच्या कोलॅजनचा, आणि त्या कोलॅजनचा एक धागा बनवण्याची कृती ‘सीओएल४ए३’ मध्ये लिहिलेली असते.

मधुमेहात हे पटल जाड होत जातं. चक्का टांगायचं फडकं जाड घेतलं तर गळती कमी होते. किडनीत उलटं घडतं, पटल जाडही होतं आणि त्यातून अल्ब्युमिन निसटायलाही लागतं. कारण जाडीबरोबर त्याची वीण बिघडते, आतला दाब वाढलेला असतो आणि बाहेरच्या पोडोसाइट एकेक करून गळून पडतात. गेलेल्या पोडोसाइटच्या जागी नवीन सहसा येत नाहीत.

आता त्या जनुकातला बदल. डीएनएतलं एकच अक्षर, ‘जी’ च्या जागी ‘टी’. त्यामुळे कोलॅजनच्या साखळीत ३२६ व्या जागी ॲस्पार्टिक आम्लाऐवजी टायरोसिन बसतं. असा बदल म्हटला की आपण रोगाची अपेक्षा करतो, आणि या जनुकातले गंभीर दोष खरोखरच अल्पोर्ट सिंड्रोम नावाचा आनुवंशिक किडनीरोग घडवतात. हा बदल मात्र किडनी वाचवणारा निघाला. तो असलेल्या मधुमेहींमध्ये किडनीचा आजार कमी आढळला आणि किडनीचा तुकडा काढून तपासलेल्यांत पटल पातळ दिसलं. मला सगळ्यांत बोलका वाटला तो पुढचा तपशील. फिनलंडच्या रुग्णांमध्ये हे संरक्षण दिसलं ते सरासरी एचबीएवनसी साडेसात टक्क्यांच्या वर असलेल्यांमध्येच. ज्यांची शुगर त्याखाली होती, त्यांच्यात हा बदल असून-नसून फरक पडला नाही. जनुक की पथ्य, असा वाद घालणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. साखर वाढलीच नाही, तर पटलाच्या विणीची परीक्षाच होत नाही.

दुसरी गोष्ट आफ्रिकेतली आहे, पण तिचा एक धागा थेट चंद्रपूरपर्यंत येतो.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांना डायलिसिसची गरज गोऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त लागते. गरिबी आणि उपचारांची वानवा ही कारणं होतीच. २०१० मध्ये आणखी एक कळलं: ‘एपीओएल१’ नावाच्या जनुकातले दोन बदल. अलीकडच्या काळातले पूर्वज आफ्रिकेतले असणाऱ्यांतच ते आढळतात. या जनुकाचं प्रथिन रक्तात फिरतं आणि निद्रारोग घडवणाऱ्या ट्रिपॅनोसोमा या परजीवीला मारतं. काही परजीवी त्याला पुरून उरायला शिकले, तेव्हा हे बदललेलं प्रथिन त्यांच्यावरही भारी पडलं, म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या टिकलं. मात्र आई आणि वडील दोघांकडून ते आलं, तर किडनीला महागात पडतं. मधुमेहाने किडनी बिघडायला सुरुवात होण्याचा दोष या जनुकाकडे जात नाही. पण आजार एकदा सुरू झाला की दोन्ही प्रती बदललेल्या असणाऱ्यांच्या किडनीची घसरण वेगाने होते, मधुमेह असो वा नसो, हे २०१३ च्या अमेरिकी अभ्यासात दिसलं.

प्रश्न उरला तो असा: बदललेलं प्रथिन काम करत नाही म्हणून किडनी जाते, की ते नको ते काम करतं म्हणून? उत्तराचा एक भाग विदर्भातून आला. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला चढउताराचा ताप येत राहिला आणि रक्तात सापडला ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी, म्हणजे गुराघोड्यांना ‘सर्रा’ करणारा परजीवी. माणसाला तो होत नाही असाच समज होता. नागपूरच्या डॉक्टरांनी ही नोंद जगापुढे ठेवली. ब्रसेल्सच्या प्रयोगशाळेत त्या रुग्णाचं रक्त तपासलं, तेव्हा त्यात ‘एपीओएल१’ चं प्रथिनच नव्हतं. जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी होत्या. औषधाने तो बरा झाला. पुढे किडनीच्या संशोधकांनीही त्याचा विचार केला आणि प्रथिन पूर्णपणे गैरहजर असूनही त्याला किडनीचा आजार नाही, असं आढळलं. म्हणजे प्रथिन नसण्याने बिघडत नाही, बदललेल्या प्रथिनाच्या उपद्रवाने बिघडतं. असं असेल तर त्या प्रथिनाला औषधाने अडवता यायला हवं. २०२३ मध्ये इनॅक्सॅप्लिन या औषधाची मोजक्या रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. हे रुग्ण मधुमेहाचे नव्हते, त्यांना याच जनुकामुळे होणारा किडनीचा दुसरा आजार होता. तेरा आठवड्यांत त्यांच्या लघवीतलं प्रथिन सरासरी ४७.६ टक्क्यांनी घटलं.

घराण्यात चालत आलं म्हणजे जनुकांतूनच आलं, असं मात्र समजू नये. एका घरातली माणसं एकच मीठ खातात, एकाच परिस्थितीत वाढतात. शिवाय नेफ्रॉन आईच्या पोटातच तयार होतात, जन्मानंतर नवा नेफ्रॉन बनत नाही. जन्मतः वजन कमी असलेल्या बाळांत नेफ्रॉनची संख्या सहसा कमी असते आणि मोठेपणी उरलेल्यांवर भार पडतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासात पुण्याजवळच्या गावांतल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो भरलं, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. हीच सडपातळ दिसणारी, पण अंगात चरबी बाळगणारी मुलं पुढे मधुमेहाकडे झुकतात. म्हणजे काही जणांच्या बाबतीत कमी नेफ्रॉन आणि मधुमेह ही दोन्ही संकटं एकाच गर्भारपणातून निघालेली असू शकतात, जनुकांचा त्यात हात असो वा नसो.

थुंकीचा नमुना पाठवा, किडनीचा धोका कळवतो, अशा जाहिराती दिसतात. माझं मत विचाराल तर पैसे वाचवा. एकेका जनुकाचा परिणाम छोटा असतो आणि मोठे अभ्यास बहुतांशी युरोपीय लोकांचे आहेत. त्यांवर बेतलेला अंदाज मराठी माणसाला जसाच्या तसा लागू पडेल, याची हमी नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, गोव्यात तर प्रौढांमधलं प्रमाण २६.४ टक्के, देशात सर्वाधिक. इतके रुग्ण असलेल्या देशाला स्वतःचे जनुकीय अभ्यास हवेत.

तोवर हाताशी असलेली साधनं स्वस्त आहेत. डॉक्टर ‘घरात कुणाला शुगर आहे का’ एवढं विचारून थांबतात. ‘त्यांच्यापैकी कुणाची किडनी बिघडली का, कुणी डायलिसिसवर होतं का’ हे आपण न विचारता सांगावं. दुसरं, लघवीतल्या अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनच्या गुणोत्तराची तपासणी. क्रिएटिनिन म्हणजे किडनीने बाहेर टाकायचं टाकाऊ द्रव्य. रक्तातलं क्रिएटिनिन उशिरा वाढतं आणि लघवीच्या साध्या पट्टीला सूक्ष्म अल्ब्युमिन दिसत नाही, त्यामुळे ‘किडनी नॉर्मल’ असा रिपोर्ट येऊनही आत गळती सुरू असू शकते. हे गुणोत्तर एका ग्रॅमला ३० मिलिग्रॅमच्या खाली असावं. टाइप २ वाल्यांनी निदान झाल्यापासूनच, टाइप १ वाल्यांनी पाच वर्षांनंतर, दरवर्षी ही तपासणी करावी. ताप, जंतुसंसर्ग किंवा दमवणारा व्यायाम यांनी आकडा तात्पुरता वाढतो, म्हणून तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन नमुने वाढीव आले तरच तो खरा धरतात. गळती इतक्या लवकर सापडली, तर रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी लोसार्टन किंवा रामिप्रिलच्या गटातली गोळी आणि लघवीवाटे साखर बाहेर काढणारी डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधं किडनीची घसरण बरीच मंदावतात. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात २०२० मध्ये संपलं, तेव्हापासून देशी कंपन्यांच्या गोळ्या पुष्कळ स्वस्त मिळतात.