मुळांच्या गाठीत बसलेला वकील

सोयाबीनच्या मुळ्या पाहायच्या तर रोप ओढून उपटू नये. खुरप्याने भोवतालची माती सैल करावी, ढेकळासकट रोप वर काढावं आणि बादलीतल्या पाण्यात मूळ हलकेच विसळावं. मराठवाड्याची काळी माती मुळाला सहजासहजी सोडत नाही. ओढाओढ केली की जे पाहायचं तेच रानात तुटून राहतं. माती गळून गेली की सोटमुळाच्या वरच्या भागाला गोल, खरबरीत गाठी लगडलेल्या दिसतात. पेरून महिना-सव्वा महिना झालेला असेल तर काही मोहरीएवढ्या, काही ज्वारीच्या दाण्याहून मोठ्या. ब्लेडने एखादी मधोमध कापा. आतला गर गुलाबी निघतो, कधी चांगला लालभडक.

खुरपणीला आलेल्या बायकांना ही गाठ दाखवली की प्रश्न ठरलेला असतो: "रोग पडलाय का ओ हा?" नाही मावशी, रोग नाही. वांग्या-टोमॅटोच्या मुळांवर सूत्रकृमीमुळे ज्या गाठी येतात त्यात मूळच सुजलेलं असतं, ती सूज मुळापासून वेगळी करता येत नाही. सोयाबीनची गाठ बाजूला चिकटलेली असते, नखाने अलगद सुटते. आणि लाल रंग ही तर तब्येत ठणठणीत असल्याची खूण. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या कुळातल्याच एका प्रथिनाचा आहे. कुबो नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने १९३९ मध्ये हे नातं ओळखलं. त्या प्रथिनाला आता लेगहिमोग्लोबिन म्हणतात. झाडाला ना हृदय, ना शिरा, मग त्याला हिमोग्लोबिन कशाला लागावं? लागतं, कारण गाठीत दुसरंच कोणीतरी राहायला आलेलं असतं.

मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा पेशव्यांचा वकील, म्हणजे राजदूत, निजामाच्या दरबारी असे. गोविंदराव काळे हे नाव इतिहास वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. मुक्काम परक्या दरबारात, रोजची ऊठबस तिथल्या मुत्सद्द्यांशी, आणि पत्रं मात्र पुण्याला नाना फडणवीसांना. अशा माणसाला दोन्हीकडचं सांभाळावं लागतं. यजमानाची मर्जी राखायची आणि आपल्या घराला विसरायचं नाही. गाठीतल्या जिवाणूला मन नाही, पण त्याचा पेच याच जातीचा आहे. त्यात तो दुसऱ्याच्या दरबारात नाही, दुसऱ्याच्या शरीरातच राहतो.

द्विदल पिकं हवेतलं नत्र (नायट्रोजन) वापरतात आणि ते काम मुळांवरच्या गाठींमुळे होतं, हे हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८६ मध्ये मांडलं. दोनच वर्षांनी नेदरलँड्समध्ये बायेरिंक यांनी गाठीतला जिवाणू वेगळा करून वाढवून दाखवला. आज आपण त्या सगळ्या गोतावळ्याला ढोबळपणे रायझोबियम म्हणतो. सोयाबीनच्या गाठीत राहतो तो ब्रॅडीरायझोबियम, हरभऱ्याच्या गाठीत मेसोरायझोबियम.

आत शिरण्याचा विधी मोठा कडक आहे. सोयाबीनची मुळं मातीत डेडझीन आणि जेनिस्टीन ही रसायनं सोडतात. आसपासच्या असंख्य जिवाणूंपैकी ज्याला ती ओळखता येतात तो उत्तरादाखल स्वतःचा एक रेणू बनवून पाठवतो. त्या रेणूची ठेवण झाडाला पटली तर मूळरोम वाकतो, जिवाणूला कवेत घेतो आणि त्याच्यासाठी आतल्या आत एक अरुंद बोगदा तयार करत नेतो. ठेवण पटली नाही तर दार बंद. म्हणून कृषी सेवा केंद्रात बियाण्याला चोळायच्या जिवाणूंचं सोयाबीनसाठीचं पाकीट वेगळं आणि हरभऱ्यासाठीचं वेगळं असतं. उरलेलं खरिपातलं पाकीट रब्बीत हरभऱ्याला चोळलं तर ते कालवायला घेतलेला गूळ तेवढा वाया जातो. तूर, मूग, उडीद, चवळी इथे पिढ्यान्‌पिढ्या पिकत आलेली, त्यांचे जिवाणू मातीत आहेतच आणि ते एकमेकांच्या पिकांत बऱ्यापैकी चालतात. सोयाबीन मूळचं पूर्व आशियातलं. त्याच्या जिवाणूची ओळख आपल्या रानांना अलीकडची.

आत पोचल्यावरही जिवाणू झाडाच्या पेशीत मोकळा फिरत नाही. झाड त्याच्याभोवती आपल्याच पटलाची पिशवी गुंडाळतं. वकिलाचा वाडा यजमानाने बांधलेला, दरवाजावरचा पहारेकरीही यजमानाचाच. आत काय जाईल, बाहेर काय येईल हे ते पटल ठरवतं. एकेका पेशीत अशा हजारो पिशव्या असतात.

मग देवघेव सुरू होते. झाडाने पानात बनवलेली साखर मुळाशी येते, तिचं मॅलेट नावाच्या आम्लात रूपांतर होतं आणि ते जिवाणूला मिळतं. जिवाणू त्या बदल्यात हवेतल्या नत्राचा अमोनिया करून देतो. हवेचा ७८ टक्के भाग नत्र आहे, पण त्याच्या रेणूतले दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की खत कारखान्यांना ते सोडवायला ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि हवेच्या दीडदोनशे पट दाब लागतो. जिवाणू तेच काम रानातल्या मातीच्या तापमानाला करतो. फुकटात मात्र नाही. नत्राचा एक रेणू फोडायला पेशीचं चलन असलेले एटीपीचे निदान १६ रेणू खर्च होतात.

यात एक विलक्षण अडचण आहे. नत्र फोडणारं नायट्रोजिनेज हे विकर (एन्झाइम) ऑक्सिजन लागला की कामातून जातं, आणि एवढी ऊर्जा तयार करायला जिवाणूला श्वसनासाठी ऑक्सिजन तर हवाच. लेगहिमोग्लोबिनचं काम इथे आहे. ते ऑक्सिजन धरून ठेवतं, मोकळा फिरू देत नाही, आणि जिवाणूपर्यंत मोजून-मापून पोचवतं. लाल गाठ कामावर आहे, पांढरी गाठ कामाला लागलेली नाही किंवा लागणारच नाही, हिरवट-तपकिरी गाठ म्हातारी झाली, हे रानात उभ्या उभ्या सांगता येतं ते याच रंगावरून.

आता पेच. जिवाणूला मिळालेल्या मॅलेटचं दोन प्रकारे करता येतं. ते जाळून नत्र फोडायचं, म्हणजे झाडाची चाकरी. किंवा त्याची चरबीसारखी साठवण करायची. सोयाबीनच्या गाठीतले जिवाणू पॉलिहायड्रॉक्सीब्युटिरेट नावाच्या पदार्थाचे दाणे पोटात साठवतात. पुढे गाठ कुजून ते मातीत परत गेले की उपासमारीच्या दिवसांत हीच शिदोरी कामी येते, त्यावर वंश वाढतो. म्हणजे साठवलेला प्रत्येक कण चाकरीतून वजा आणि घरच्या खात्यात जमा. त्यातून एकाच रोपावर वेगवेगळ्या वाणांचे जिवाणू असतात. शेजारच्या गाठीने राबावं आणि आपण खाऊन गप्प बसावं, हा मोह उत्क्रांतीच्या हिशोबात अगदी फायद्याचा. मग सगळेच कामचोर का झाले नाहीत?

२००३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात या प्रश्नावर एक प्रयोग प्रसिद्ध झाला, तोही सोयाबीनवरच. संशोधकांनी गाठींभोवतीच्या हवेतलं नत्र जवळजवळ सगळं काढून त्याजागी आर्गॉन वायू भरला. जिवाणू चांगले कामसू होते, पण फोडायला नत्रच नाही म्हटल्यावर त्यांना नाइलाजाने हात बांधून बसावं लागलं. झाडाच्या दृष्टीने ते कामचोरच ठरले. परिणाम असा की अशा गाठींमध्ये जिवाणूंची वाढ नेहमीच्या निम्म्यावर आली. झाडाने गाठीत शिरणारा ऑक्सिजन आवळला होता, अशी चिन्हं दिसली. मला या प्रयोगातली सगळ्यात सुंदर गोष्ट ही वाटते की कसूर खोटी होती आणि शिक्षा खरी झाली. झाडाला जिवाणूची नियत कळत नाही. हातात अमोनिया किती पडला, एवढंच कळतं.

वाटाण्यावर झालेलं नंतरचं काम, २०२१ चं, याहून मजेशीर आहे. मध्यम वकुबाचा जिवाणू असेल आणि दुसऱ्या गाठींमध्ये त्याहून चांगला मिळाला असेल, तर झाड मध्यमाची रसद तोडतं. चांगला कोणी आलेलाच नसेल तर त्याच मध्यमाला सांभाळून घेतं. यात मेंदू कुठेच नाही, तरी व्यवहार चोख.

मराठवाड्यात खरिपात सोयाबीन आणि त्याच्या बेवडावर रब्बीत हरभरा, हा क्रम आता नित्याचा झाला आहे. वरून दोन्ही शेंगांचीच पिकं. जमिनीखाली मात्र पाहुण्याला वागवण्याच्या तऱ्हा दोन टोकांच्या. सोयाबीनच्या गाठीतला जिवाणू हंगाम संपल्यावर पुन्हा मातीत जाऊन स्वतंत्र जगू शकतो. हरभरा, वाटाणा, मेथी, लसूणघास यांच्या कुळात तसं नाही. या कुळातली झाडं आपल्या पाहुण्यावर लहान लहान प्रथिनांचा मारा करतात. लसूणघासाच्या जवळच्या एका वनस्पतीत हे २०१० मध्ये स्पष्ट झालं. त्या प्रथिनांमुळे जिवाणूचा डीएनए वाढत राहतो, पण पेशी दुभंगत नाही. तो फुगतो, कित्येक पटींनी मोठा होतो, नत्र जोरात फोडतो, आणि त्याला पिल्लं कधीच होत नाहीत. परतीची वाट झाडाने कायमची बंद केलेली असते.

मग असा जिवाणू आत शिरतोच कशाला? कारण त्या बोगद्यात त्याचीच जुळी भावंडं मागे थांबलेली असतात. एका गाठीतले जिवाणू बहुधा एकाच पूर्वजाची प्रजा. पुढे गेलेले वांझ राहून राबतात. त्यांच्या राबण्याने गाठ पोसली जाते आणि न बदललेली भावंडं त्या गाठीच्या जिवावर वाढून शेवटी मातीत उतरतात. जनुकांच्या भाषेत चाकरी आणि घरची माया इथे एकाच ठिकाणी येऊन मिळतात. मधमाश्यांच्या पोळ्यातल्या कामकरी माश्यांचं गणित याहून वेगळं नाही.

फसवणुकीची मोठी हकिकत न्यूझीलंडची आहे. तिथे चाऱ्याच्या एका द्विदल पिकासाठी बाहेरून उत्तम जिवाणू आणून बियाण्याला लावला होता. काही वर्षांनी गाठी तपासल्या तर आत भलतेच स्थानिक जिवाणू. १९९५ मध्ये उलगडा झाला: आणलेल्या जिवाणूने आपल्या डीएनएचा एक लांबलचक तुकडा, ज्यात झाडाला ओळख पटवण्याची आणि नत्र फोडण्याची जनुकं होती, तो मातीतल्या परक्या जिवाणूंना देऊन टाकला होता. वकिलाचं अधिकारपत्रच दुसऱ्याच्या हाती गेलं. असे सगळे नवे वकील कामाला चांगले निघतीलच याची काही खात्री नसते, आणि पाकिटातला जिवाणू दरवर्षी लावत राहावा असं सांगतात त्यामागचं एक कारण तेच. मातीतले जुने, संख्येने जास्त असलेले जिवाणू आधी जागा अडवतात.

लावायचं कसं हे बहुतेकांना माहीत आहे, चुकतं ते क्रमात. बुरशीनाशक आधी, जिवाणू संवर्धक नंतर. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं पाकीट, गुळाच्या थंड पाण्यात कालवून, बियाणं सावलीत सुकवून लगेच पेरणी. पाकीट दुकानाच्या पत्र्याखाली उन्हात पडलेलं असेल तर आत काय जिवंत राहिलं ते सांगता येत नाही.

बाकी आपल्या भागातलं हवामान या देवघेवीला फारसं मानवत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने ओढ दिली की सोयाबीनचं पान कोमेजण्याच्या आधीच गाठींचं काम मंदावतं. उलट झड लागून रानात पाणी तुंबलं की गाठींना ऑक्सिजन मिळत नाही आणि रोपं पिवळी पडतात. चुनखडीच्या जमिनीत पिवळेपणाचं कारण लोहाचं, कारण लोह असूनही मुळांना घेता येत नाही. आणि लेगहिमोग्लोबिनला, नायट्रोजिनेजला दोघांनाही लोह लागतंच. अशा वेळी पिवळं दिसलं की युरिया टाकण्याची घाई होते. युरिया मिळाला की झाड गाठी धरणं कमी करतं. मातीत तयार नत्र असेल तर परक्याला पोसण्याचा खर्च ते करत नाही.

आणखी एक समज दुरुस्त करायला हवा. "सोयाबीन घेतलं की रानाला आपोआप नत्र मिळतं" हे अर्धंच खरं आहे. सोयाबीनच्या दाण्यात साधारण ४० टक्के प्रथिनं असतात, आणि प्रथिनांच्या वजनाचा सुमारे सहावा हिस्सा नत्र. म्हणजे एका क्विंटलमध्ये सहा किलोच्या आसपास नत्र भरतं. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात ते जेमतेम २१ किलो असतं. साडेतीन क्विंटल सोयाबीन लातूरच्या आडतीवर गेलं की एका पोत्याएवढं नत्र रानातून गेलं. झाडाच्या एकूण नत्रातला साधारण निम्मा ते साठ टक्के वाटा जिवाणूंचा. उरलेला मातीतूनच उचललेला असतो. हिशोब बरोबरीत सुटतो की तुटीत जातो हे गाठी किती लाल होत्या आणि भुसकटाचं काय केलं यावर ठरतं. तुरीचं त्यामानाने बरं. ती पानं गाळते, मूळ खोल नेते आणि मागे बरंच काही सोडते. सोयाबीनचं भुसकट मळणीनंतर बांधावर पेटवून दिलं तर त्यातलं नत्र धुरावाटे पुन्हा हवेतच जातं.