हळदीचे तीन लाल

2025 च्या जूनमध्ये एका रीलने घराघरात धुमाकूळ घातला होता. फोनचा टॉर्च लावायचा, त्यावर पाण्याचा ग्लास ठेवायचा, खोलीतले दिवे घालवायचे आणि ग्लासात चिमूटभर हळद सोडायची. पोरं डोळे विस्फारून बघतात, मागे गाणं वाजतं, संपलं. ते ओसरायच्या आत व्हॉट्सॲपवर त्याच्यावरचा उतारा फिरू लागला: अंधारात पाण्यात हळद सोडणं हा तांत्रिक विधी आहे, नको त्या शक्ती घरात शिरतात, मुलांना करू देऊ नका. हा मेसेज सांगलीत बसून पुढे ढकलणाऱ्यांची मला खरंच कमाल वाटते. सौद्याच्या हंगामात मार्केट यार्डात पायाखाली हळद, अंगावर हळद, नाकात हळद, आणि पत्र्याच्या फटीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरीपेतही हळदच उडताना दिसते. हळद आणि उजेड एकत्र आल्याने शक्ती जाग्या होत असत्या, तर हमालांनी हमालीबरोबर मांत्रिकाचा भत्ताही मागितला असता.

रीलमागचं विज्ञान चार ओळींत आटोपतं. हळदीची पूड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तिचे बारीक कण हळूहळू खाली उतरतात आणि खालून येणारा प्रकाश चहूकडे विखुरतात. फोनच्या टॉर्चचा पांढरा प्रकाश मुळात निळ्या एलईडीवर पिवळं द्रव्य चढवून तयार केलेला असतो. हळद त्यातला निळा भाग गिळते, उरलेला पिवळा आपल्यापर्यंत येतो.

हळदीची खरी चमक बघायची असेल तर पाणी सोडा आणि मेडिकलमधून सर्जिकल स्पिरिट आणा. चमचाभर हळद त्यात ढवळा, गाळ खाली बसू द्या आणि वरचं स्वच्छ पिवळं द्रावण दुसऱ्या बाटलीत ओता. जवळपास शेगडी, उदबत्ती काही नको, स्पिरिट भुर्रकन पेट घेतं. आता नोटा तपासायचा जांभळा दिवा त्यावर धरा. द्रावण आतून पोपटी-पिवळं पेटल्यासारखं दिसतं. इथे नुसतं विखुरणं नाही. हळदीतला कर्क्युमिनचा रेणू डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश शोषतो आणि त्यातली थोडी ऊर्जा स्वतःकडे ठेवून उरलेली हिरवट-पिवळ्या प्रकाशाच्या रूपात सोडतो. याला प्रतिदीप्ती म्हणतात. या चमकेने भल्याभल्यांना चकवलंय. औषधांच्या कितीतरी प्राथमिक चाचण्यांत एखादी चमक वाढली की कमी झाली यावरून निष्कर्ष काढतात, आणि कर्क्युमिन तर स्वतःच चमकतं. 2017 मध्ये 'जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री'त आलेल्या एका परीक्षणलेखाने कर्क्युमिनच्या औषधी दाव्यांची हजेरी घेतली, तेव्हा हाही मुद्दा त्यात होता. हळदीच्या गोळ्यांच्या जाहिराती मात्र त्यानंतरही जोरात आहेत.

असो. माझा जीव अडकलाय तो लाल रंगात. पिवळी हळद लाल होते हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ती तीन निरनिराळ्या कारणांनी लाल होते, हे रसायनशास्त्राच्या पदवीधरांपैकीही फार थोडे सांगतील.

पहिला लाल साबणाचा. हळदीच्या कार्यक्रमात घातलेला पांढरा सदरा धुवायला काढला आणि डागाला साबण चोळला की डाग लालभडक होतो. खळखळून धुतला की परत पिवळा. चुन्यानेही तेच. मुठीत हळद धरायला सांगून तिचं कुंकू करून दाखवणाऱ्या बाबांच्या नखात चुना असतो, बाकीचं काम तळहाताचा घाम करतो. त्याच पिशवीतली दुसरी करामत म्हणजे मंत्राने पेटणारा होम: समिधांखाली पोटॅशियम परमँगनेटची पूड आणि वरून 'तूप' म्हणून ग्लिसरीन. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांचे कार्यकर्ते असले चमत्कार गावोगाव करून दाखवत आणि मग त्यांची फोडही करून सांगत. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर, त्याच वर्षी आला.

आता जरा रेणूत शिरू. कर्क्युमिनचं सूत्र C₂₁H₂₀O₆. दोन्ही टोकांना एकेक बेंझिनचं कडं, प्रत्येक कड्यावर एक ओएच गट (ऑक्सिजन आणि त्याला चिकटलेला हायड्रोजन), आणि दोन्ही कड्यांना जोडणारी सात कार्बनची साखळी. साखळीच्या मध्यावर दोन ऑक्सिजन शेजारी-शेजारी असतात आणि एका हायड्रोजनला दोघे मिळून धरून ठेवतात. महत्त्वाचं म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकेरी बंध, दुहेरी बंध, एकेरी, दुहेरी अशी आलटून-पालटून मांडणी आहे. अशा मांडणीत दुहेरी बंधांचे इलेक्ट्रॉन आपापल्या जागी बसून राहत नाहीत, ते सगळ्या रेणूभर पसरतात. ते जितके मोकळे, तितकी त्यांना वरच्या पातळीवर उडी मारायला कमी ऊर्जा लागते. कर्क्युमिनमध्ये ही उडी साधारण 425 नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या-जांभळ्या प्रकाशाने होते. निळा गेला की उरतो पिवळा. हीच उडी आणखी स्वस्त केली तर रेणू निळ्याऐवजी हिरवा प्रकाश शोषू लागेल आणि आपल्याला लाल दिसेल. म्हणजे प्रश्न एवढाच: इलेक्ट्रॉन आणखी मोकळे करायचे कसे?

साबण, सोडा, चुना हे आम्लारीधर्मी. पीएच 8 च्या आसपास गेला की टोकाच्या ओएच गटांतला हायड्रोजन ते काढून घेतात. मागे राहिलेल्या ऑक्सिजनवर ऋण प्रभार येतो आणि तो आपले इलेक्ट्रॉन कड्यातून साखळीकडे ढकलतो. उडी स्वस्त झाली, रंग लाल झाला. लिंबू पिळलं की हायड्रोजन परत येऊन बसतो आणि पिवळा रंगही परततो. पण हा खेळ फार वेळ चालत नाही. अशा स्थितीत कर्क्युमिन टिकतच नाही. पीएच 7.2 आणि शरीराचं तापमान एवढ्यावरही अर्ध्या तासात त्यातलं सुमारे 90 टक्के विघटित होतं, असं प्रयोगशाळेत मोजलेलं आहे. चुन्याचा लाल बघता बघता मळकट तपकिरी होतो तो त्यामुळे.

दुसरा लाल बरोबर उलट्या टोकाचा. हळदीवर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं तरी ती गुलाबी-लाल होते. इथे कुणी हायड्रोजन काढून घेत नाही, उलट एक प्रोटॉन, म्हणजे धन प्रभाराचा हायड्रोजन, जास्तीचा येऊन मधल्या ऑक्सिजनवर बसतो. रेणूच्या मध्यावर धन प्रभार येतो आणि तो दोन्ही टोकांच्या कड्यांतले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो. आधी टोकांकडून ढकलणं होतं, आता मध्यातून ओढणं. परिणाम तोच. यावरून इंटरनेटवर एक गैरसमज बोकाळलाय. 'आम्ल टाकल्यावर हळद लाल झाली म्हणजे भेसळ' असं ठणकावून सांगणारे व्हिडिओ सापडतात. चाचणी तिथे संपत नाही. त्यात पाणी घालायचं असतं. पाण्याने आम्ल विरळ झालं की शुद्ध हळदीचा प्रोटॉन निघून जातो आणि ती पुन्हा पिवळी होते. मेटॅनिल यलो नावाचा बंदी असलेला रंग मिसळला असेल तर गुलाबी छटा तशीच राहते. पाणी न घालता निकाल देणारे विनाकारण चांगल्या हळदीची बदनामी करतात. आणि 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या सांगलीच्या हळदीबद्दल असं कुणी बोललं की माझा पारा चढतो.

तिसरा लाल माझा सगळ्यात आवडता. तो कुंकवाचा.

कुंकू हळदीपासून करतात एवढं सगळे सांगतात, आणि लगेच 'चुना घालून' अशी पुस्तीही जोडतात. पण जुन्या पद्धतीचं घरगुती कुंकू कसं करत ते बघा. हळकुंडांचे तुकडे लिंबाच्या रसात भिजवायचे, त्यात टाकणखार आणि तुरटी घालायची, सावलीत खडखडीत वाळवायचे आणि कुटून वस्त्रगाळ करायचे. लिंबाचा रस! म्हणजे भरपूर आम्ल. आम्लात हळद पिवळीच राहायला हवी, आणि लिंबाचं आम्ल काही दुसऱ्या लालाइतकं तीव्र नसतं. मग लाल आलं कुठून?

ते आलं टाकणखारातून. टाकणखार म्हणजे सोनार डाग देताना वापरतात ती सवागी, बोरॅक्स. आम्लात तिचं बोरिक आम्ल होतं. त्यातल्या बोरॉन या मूलद्रव्याच्या बाहेरच्या कवचात इलेक्ट्रॉन फक्त तीन. तीन बंध केले तरी त्याला एक जोडी कमीच पडते, त्यामुळे तो कायम कुणाच्या तरी जोडीच्या शोधात असतो. आणि कर्क्युमिनच्या मध्यावर दोन ऑक्सिजन जणू त्याच्यासाठीच शेजारी-शेजारी बसलेत. आम्लाच्या सान्निध्यात बोरॉनवरचे ओएच गट पाणी होऊन सुटतात आणि त्यांच्या जागी कर्क्युमिनचे दोन्ही ऑक्सिजन बोरॉनला पकडतात. उरलेल्या जागांवर कर्क्युमिनचा दुसरा रेणू येऊन तसाच पकडतो. चार बंध झाले, बोरॉन तृप्त झाला. मध्ये तो आणि त्याच्याभोवती एकमेकांना काटकोनात असलेले दोन लांबलचक रेणू. या जोडगोळीवर एकूण एक धन प्रभार असतो. तिचं नाव रोझोसायनीन. लिंबाच्या रसात सायट्रिक आम्लही असल्याने कुंकवात तिच्याबरोबर तिची भावंडंही तयार होत असणार, कारण बोरॉनच्या एका बाजूला कर्क्युमिन आणि दुसऱ्या बाजूला एखादं सेंद्रिय आम्ल अशीही जोडी जमते.

आता दुसरा लाल आठवा. तिथे मध्यावरचा धन प्रभार इलेक्ट्रॉन ओढत होता, पण प्रोटॉन सुटा होता, पाणी दिसताच पळून जाणारा. इथे तीच ओढ बोरॉन लावतो, आणि त्याला दोन ऑक्सिजनांनी दोन्हीकडून धरून ठेवलंय. तो असा सहजासहजी सुटत नाही. शोषण 425 वरून थेट 550 नॅनोमीटरच्या आसपास, हिरव्यात जातं. म्हणून हा लाल पिवळसर विटकरी नसतो, चांगला गर्द असतो, आणि घामातल्या किंवा लिंबातल्या आम्लाने पिवळा पडत नाही. वाळवण्याचं मर्मही यातच आहे. ही अभिक्रिया पुढे सरकताना पाणी बाहेर पडतं. ते उडून गेलं तरच ती पूर्णत्वाला जाते, ओलाव्यात ती अर्धवट राहते. आणि सावली एवढ्यासाठी की उन्हात कर्क्युमिन विटतं. सदऱ्यावरचा हळदीचा डाग उन्हात टाकला की फिका पडतो, तेच हे. सांगलीजवळच्या हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षं रंग धरून राहायची, त्यामागे अंधार हेही एक कारण होतं.

याच्याही पुढची गंमत आहे. रोझोसायनीनवर सोड्याचं पाणी टाकलं तर? मध्यातून बोरॉनची ओढ चालूच असते, आणि आता टोकांचे ओएच हायड्रोजन गमावून पहिल्या लालासारखे इलेक्ट्रॉन ढकलू लागतात. ढकलणं आणि ओढणं एकदमच! उडी इतकी स्वस्त होते की शोषण हिरव्याच्याही पलीकडे सरकतं, आणि लालाचा क्षणात निळा होतो. कागदावर तो काळपट निळा-हिरवा दिसतो. हळदीचा निळा कुणी पाहिलाय?

शाळेच्या प्रयोगशाळेत हे एका तासिकेत दाखवता येतं. हळदीच्या स्पिरिटमधल्या द्रावणात गाळणकागदाच्या पट्ट्या बुडवून वाळवा. कॅरमवर टाकायची पांढरी पूड बहुतेक वेळा बोरिक पावडरच असते. ती थोडी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवा आणि पट्टीवर एक थेंब सोडा. लगेच काही होत नाही, पोरं चुळबुळ करतात. पट्टी मंद आचेच्या तव्यापासून जरा वर धरून वाळवत न्या. कडेकडून लालसर तपकिरी रंग आत सरकू लागतो. पूर्ण वाळली की सोड्याच्या पाण्याचा थेंब टाका. शेजारी बोरिक पावडर न लावलेली पट्टी ठेवलीत तर तीच सोड्याने नुसती लाल होते, आणि फरक न सांगता कळतो. आम्ल शिक्षकांनीच हाताळायचं, बोरिक पावडरीचा हात तोंडात जाऊ द्यायचा नाही.

घरच्या देवघरातल्या कुंकवाची परीक्षाही होते. चिमूटभर कुंकवावर लिंबू पिळल्यावर पिवळं पडलं तर हळद-चुन्याचं. लालच राहिलं आणि सोड्याने काळपट निळं झालं तर टाकणखाराचं. कशानेच काही झालं नाही तर बहुधा कारखान्यातला रंग, आणि कपाळाला खाज का सुटते त्याचं उत्तर कदाचित त्यातच असेल.

हा नुसता जादूचा खेळ नाही. पाण्यातला आणि मातीतला बोरॉन मोजायची एक प्रमाणित पद्धत याच रंगावर उभी आहे. नमुन्यात कर्क्युमिन आणि आम्ल घालून 55 अंशांवर कोरडं करायचं, अवशेष अल्कोहोलमध्ये घ्यायचा आणि 540 नॅनोमीटरवर रंगाची गडदता मोजायची. तासगावच्या द्राक्षबागायतदारांना बोरॉनचं महत्त्व वेगळं सांगायला नको. तो कमी पडला की मणी नीट धरत नाहीत, जास्त झाला की पानांच्या कडा करपतात, आणि कमी-जास्त यांतलं अंतर फारच थोडं. आजच्या मोठ्या प्रयोगशाळांत याहून महागडी यंत्रं असतात, पण कॉलेजच्या प्रकल्पासाठी ही पद्धत अजून झकास आहे. फक्त काचेची भांडी घेऊ नका. प्रयोगशाळेतली नेहमीची काच बोरोसिलिकेट असते. तिच्यातलाच बोरॉन नमुन्यात उतरतो आणि बोरॉन नसलेली मातीही लाल दिसू लागते. प्लास्टिकचे चंचुपात्र आणा.