ड्राय फ्लाय आणि इमर्जर: ट्राउट वर दिसली म्हणजे वरचंच खाऊन राहिली असं नाही

मार्च जवळ आला की नागपुरातून हिमाचलातल्या तीर्थन नदीवर ट्राउट मासे धरायला जाणाऱ्या लोकांची तयारी सुरू होते, आणि ते परत आले की तीच तक्रार ऐकू येते. मासा डोळ्यासमोर वर येऊन राहिला होता, ॲडम्स ही फ्लाय (गळावर पिसं-दोरा बांधून केलेली किड्याची नक्कल) टाकली, मग लहान टाकली, मग रंग बदलला, तरी तोंड लावलं नाही, साइज चुकली का? साइज नाही चुकली भाऊ. मासा जे खात होता ते तुमच्या फ्लायच्या काही मिलिमीटर खाली होतं, बस.

ड्राय फ्लाय, म्हणजे पाण्यावर तरंगणारी, तुम्हाला माहीत आहे म्हणून पटकन सांगतो. बारीक तारेचा गळ, ताठ शेपटी, कोंबड्याच्या मानेचं कडक पीस (हॅकल) उभं गुंडाळलेलं, आणि अख्खी फ्लाय पाण्याच्या वरच्या पापुद्र्यावर उभी. 1922 मध्ये मिशिगनमध्ये लेनर्ड हॅलडेने बांधलेली ॲडम्स घ्या, अजूनही उत्तम आहे, तिच्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही.

आता इमर्जर. मेफ्लाय या पाण्यात वाढणाऱ्या किड्याचं पिल्लू म्हणजे निम्फ दगडाखालून निघून वर येतं आणि पापुद्र्याला खालून अडकतं, कारण इतक्या छोट्या किड्याला पृष्ठताण फोडून बाहेर यायला जोर लागतो. तिथे लटकल्या लटकल्या त्याची पाठ फाटते, पंख वर निघतात, आणि पोट अजून पाण्यात, जुन्या कातीतच. या वेळात तो पळू शकत नाही, उडू शकत नाही. ट्राउटला हे पक्कं माहीत आहे, म्हणून पंख वाळवून उडायच्या बेतात असलेला किडा सोडून ती हाच अडकलेला उचलते. इमर्जर फ्लाय म्हणजे या अवस्थेची नक्कल, अर्धी वर अर्धी खाली. "थोडी बुडालेली ड्राय" असं जे लोक सांगत फिरतात ना, ते सोडून द्या, त्यानेच सगळा गोंधळ होऊन राहिला आहे. बुडालेली ड्राय आडवी पडते आणि तिचं सगळं हॅकल चिकटून जातं, इमर्जरचं पोट मात्र खाली लोंबलेलं असतं.

मग काठावरून ओळखायचं कसं? लोक नुसतं वर्तुळ बघतात, मला वाटतं खरी चूक इथेच होते. वर्तुळ दोन्हीत उठतं. तुम्ही त्याच्या आधीचा क्षण बघा: आधी नाक बाहेर आलं आणि मासा गेल्यावर पाण्यावर बुडबुडा राहिला, तर त्याने वरचा किडा हवेसकट आत घेतला आणि ती हवा कल्ल्यांतून बाहेर सोडली. ड्राय टाका. पण नाक दिसलंच नाही, पाणी फुगल्यासारखं झालं, पाठीचा पर दिसला, मग शेपटीचं टोक, आणि बुडबुडा नाही, तर तोंड पाण्याखालीच उघडलं होतं. इथे ड्राय दिवसभर टाकत बसलात तरी काही होणार नाही. एकाच माशावर नजर ठेवून पाच-सात वेळा बघा, मगच डबा उघडा. (जोरात छपाका झाला तर बहुतेक कॅडिस नावाच्या दुसऱ्या किड्याचा मामला, तो भर्रकन वर येतो म्हणून मासा मागे धावतो, तो विषय वेगळा.)

दुसरी चिडचिड महिन्यांच्या तक्त्यांची. इंग्लंडचा तक्ता डाउनलोड करायचा आणि एप्रिलला ही फ्लाय, जूनला ती, असं पाठ करून जायचं. अहो, ब्राउन ट्राउटची अंडी 1900 च्या सुमारास ब्रिटनहून काश्मीरला आली हे खरं, पण तिथले किडे सोबत नाही आले, आणि आपल्या नद्या बर्फ वितळण्यावर आणि पावसाळ्यावर चालतात. महिन्यापेक्षा त्या दिवसाची हवा बघा. ढगाळ, गार, भुरभुर पाऊस असेल, म्हणजे मार्च-एप्रिलमधले पुष्कळ दिवस, तर किड्याचे पंख लवकर वाळत नाहीत, तो बराच वेळ पाण्यावर बसून वाहत राहतो, तेव्हा ड्राय चालते. मे महिन्यात कोरडं ऊन पडलं की किडा पापुद्र्यातून निघाला की उडाला, म्हणजे माशाच्या हाती लागतो तो फक्त अडकलेला. तेव्हा इमर्जर. पाणी गढूळ झालं तर दोन्ही डब्यात ठेवा आणि निम्फची नक्कल करणारी फ्लाय खाली सोडा.

बांधण्यातला फरक यातूनच निघतो. हान्स फान क्लिंकनची क्लिंकहॅमर ही इमर्जर बघा, वाकडा गळ, पोट बारीक, वर एक पोस्ट म्हणजे उभा तुरा, आणि हॅकल पोस्टभोवती आडवं. हॅकल पापुद्र्यावर पसरतं, पोट खाली लोंबतं. आपल्याकडे लोक इतवारीतून आणलेल्या शिलाईच्या दोऱ्याने पोट बांधतात, 16 नंबरच्या गळावर ते फुगून जातं आणि सगळी रचना बिघडते, फ्लाय बांधायचा (टाइंगचा) बारीक दोराच घ्या.

पिसांचंही तेच. चिकनच्या दुकानातल्या ब्रॉयलरचं पीस कशालाच कामाचं नाही, तो पक्षी दीड महिन्याचा असतो, मानेची पिसं तयारच झालेली नसतात. मोठ्या गावरान कोंबड्याचं पीस सुंदर दिसतं पण बहुतेक वेळा मधे मऊ असतं, पाणी शोषतं, पाण्यात बुडणाऱ्या वेट फ्लायला छान, ड्रायला नको. ड्रायसाठी खास पाळलेल्या कोंबड्याचं विकतचंच लागतं, तिथे पैसे वाचवू नका. आणि रानकोंबड्याचं पीस कोणी आणून दिलं तरी घेऊ नका, तो पक्षी कायद्याने संरक्षित आहे.

बांधून झालं की काचेच्या ग्लासात पाणी घेऊन फ्लाय सोडा आणि बाजूने, पाण्याच्या रेषेला डोळा लावून बघा. ड्रायचा गळ जेमतेम पाण्याला टेकलेला दिसेल, इमर्जरचं अर्धं अंग खाली लोंबलेलं. ग्लास आधी साध्या पाण्याने पुन्हा पुन्हा खंगाळा, भांड्याच्या साबणाचा अंश राहिला तर पृष्ठताण कमी होतो आणि चांगली ड्रायही बुडते, मग लोक उगाच बांधणीला दोष देतात.

शेवटचं फ्लोटंट, म्हणजे फ्लाय तरंगती ठेवायला लावतात ते जेल. ड्रायला सगळीकडे लावा. इमर्जरला फक्त हॅकल आणि पोस्टला, तेही बोटाच्या टोकाने, आणि पोटाला थुंकी लावून ओलं करून घ्या म्हणजे पहिल्याच कास्टला (फेकीला) खाली जाईल. सीडीसीची (बदकाच्या शेपटीजवळच्या मऊ पिसांची) इमर्जर असेल तर जेल अजिबात नाही, जेलने ती पिसं चिकटून लगदा होतात. मासा पकडून झाला की ती पाण्यात खळखळून धुवा, रुमालात दाबून घ्या, पाण्याला न टेकवता दोन-तीन कोरडे कास्ट हवेत करा आणि परत टाका.