निर्गुडीचा पाला आणि उंदराचा पाय

गुडघा सुजला की निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करायचा, फडक्यात घेऊन शेकायचा आणि मग तसाच बांधून ठेवायचा, हे खेड्यात कुणाला शिकवावं लागत नाही. ओढ्याकाठी, बांधावर, कुंपणाला हे झुडूप असतंच. एका देठावर पंज्यासारखी पाच पानं, खालून पांढुरकी. चुरगळली की उग्र वास येतो. पण सूज खरंच उतरते का, आणि उतरली तर ती पाल्यामुळेच, हे ठरवायचं कसं?

प्रयोगशाळेत पहिल्यांदा झाडाची ओळख पक्की करतात. फुलांसकट फांदी वाळवून, कागदावर चिकटवून संग्रहात ठेवतात, कारण निर्गुडीच्या गोत्रातली तीन पानांची झाडंही आहेत. मग अर्क काढायचा. पाण्यात उकळलात तर एक गोष्ट हाती येते, अल्कोहोलमध्ये भिजवलात तर दुसरीच.

पुढची चाचणी १९६२ सालची आहे. अमेरिकेतल्या विंटर, रिस्ले आणि नस यांनी ती मांडली आणि अजूनही तीच वापरतात. आइस्क्रीम दाट करायला वापरतात ते कॅराजीनन, लाल समुद्री शेवाळातून काढलेलं. त्याच्या १ टक्का द्रावणाचे ०.१ मिलिलिटर मोठ्या पांढऱ्या उंदराच्या मागच्या तळपायात टोचतात. पाय फुगू लागतो. सूज आणणारी रसायनं शरीरातच तयार होतात: सुरुवातीला हिस्टामिन आणि सेरोटोनिनचं राज्य असतं, तासा-दोन तासांनी प्रोस्टाग्लँडिनं पुढे येतात. ॲस्पिरिन नेमकी हीच तयार होऊ देत नाही, हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१मध्ये दाखवलं.

सूज मोजायची रीत मला फार आवडते. घोट्यावर शाईची खूण करून पाय तेवढाच द्रवात बुडवायचा आणि किती द्रव वर सरकला ते बघायचं. आर्किमिडीजच तो! समजा, नुसतं पाणी पाजलेल्या उंदरांचा पाय १ मिलिलिटरने फुगला आणि अर्क पाजलेल्यांचा ०.६ने, तर सूज ४० टक्के कमी. शेजारी इंडोमेथॅसिन हे सूज उतरवणारं नेहमीचं औषध दिलेला तिसरा गट हवाच, आणि मोजणाऱ्याला कुठला उंदीर कुठल्या गटातला हे ठाऊक नसलेलं बरं. एक गफलतही होते. अर्क तोंडाने न देता पोटात टोचला आणि तो स्वतःच आग करणारा असला, तरी पायाची सूज कमी दिसते. औषधाचा गुण म्हणून आपण मोजतो ती पोटातली जळजळ असते.

निर्गुडी या चाचणीत उतरली आहे. श्रीलंकेतल्या संशोधकांनी २००३मध्ये ताज्या, जून पानांचा पाण्यातला अर्क उंदरांना पाजला, आणि पायाची सूज कमी झाली.

पण आपण पाला पितो कुठे? आपण तो गरम करून बांधतो. शेकानेही दुखणं हलकं होतं, घट्ट बांधल्यानेही, आणि गुडघा पुष्कळदा आपोआपच ओसरतो. म्हणून माणसांवर चाचणी घ्यायची तर निम्म्यांना दुसरा कुठला तरी पाला तितकाच गरम करून बांधायला हवा. एरंडाचा? तोही सुजेवर बांधतात. रुईचा? तोही. केळीचं पान चालेल म्हणावं, तर निर्गुडीचा तो वास त्याला कुठून आणायचा? फडकं सोडायच्या आधीच म्हातारी सांगेल, ही निर्गुडी नव्हे.