जंतू निर्ढावलेला की दडलेला?

गाईच्या सडात तीन दिवस औषधाच्या ट्यूब सोडल्या. दुधातल्या गाठी गेल्या, सूज उतरली, धार पुन्हा स्वच्छ आली. महिना होत नाही तोच त्याच सडातून पुन्हा गाठी. मग गोठ्यात एकच निदान होतं: ‘जंतू आता या औषधाला दाद देत नाहीत, याहून भारी आणा.’ कासदाहात, ज्याला बोलीत दगडी म्हणतात, हे कधीकधी खरं असतं. पण ते फारच लवकर बोललं जातं, कारण त्यात दोन निरनिराळ्या गोष्टी कालवलेल्या असतात. एकात जंतू खरोखर निर्ढावलेला असतो. औषध त्याला गाठतं, पण त्याचं काही बिघडवू शकत नाही. दुसऱ्यात जंतू साधाच, औषधाने सहज मरेल असा असतो. तो फक्त दडलेला असतो. गोठ्यात उभं राहून पाहिलं तर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात.

निर्ढावलेपण हा जंतूचा वारसा असतो. पेनिसिलिन दवाखान्यांत रुळण्याच्याही आधी, 1940 मध्ये, एडवर्ड अब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांनी जीवाणूंमधलं एक विकर नोंदवलं होतं. ते पेनिसिलिन निकामी करून टाकायचं. कासदाहातला सगळ्यांत चिवट पाहुणा, स्टॅफिलोकॉकस ऑरियस, अनेकदा हेच हत्यार बाळगून असतो. त्याची दुसरी तऱ्हा आणखी पक्की. पेनिसिलिन गटातली औषधं जंतूची पेशीभित्तिका विणणाऱ्या प्रथिनांना चिकटतात आणि विणकाम बंद पाडतात. ‘मेक-ए’ हे जनुक असलेला जंतू असं पर्यायी प्रथिन तयार करतो की ही औषधं त्याला धड चिकटतच नाहीत, आणि विणकाम चालू राहतं. हाच तो एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस. गाईंच्या कासदाहात तो 1972 मध्ये बेल्जियममध्ये नोंदवला गेला. दोन्ही तऱ्हांत गुण जनुकात आहे, म्हणून एका जंतूचे लाखो वंशज जन्मतःच तो घेऊन येतात. अशी बरीच जनुकं डीएनएच्या फिरत्या तुकड्यांवर बसून शेजारच्या जंतूकडेही जातात.

दडलेल्या जंतूची गोष्ट मला जास्त विलक्षण वाटते. 1944 मध्ये आयरिश जीवाणूशास्त्रज्ञ जोसेफ बिगर यांनी स्टॅफिलोकॉकसवर पेनिसिलिनचा प्रयोग केला. जवळजवळ सगळे जंतू मेले, पण साधारण दहा लाखांत एक या हिशेबाने थोडे उरले. हे उरलेले निर्ढावलेले असणार, असंच कुणालाही वाटेल. बिगर यांनी ते वाढवले, त्यांना पुन्हा पेनिसिलिन दिलं, तर त्यांची पिलावळ पहिल्यांइतकीच मेली आणि पुन्हा तसेच मूठभर उरले. म्हणजे वाचण्याचा गुण वंशात उतरलाच नव्हता. ते जंतू त्या घटकेला वाढायचे थांबले होते. विणकाम चालू असतानाच घाव घालणाऱ्या औषधाला थांबलेल्या मागावर करण्यासारखं काही नसतं. बिगर यांनी अशा जंतूंना ‘पर्सिस्टर’ हे नाव दिलं.

प्रयोगशाळेच्या नळीत ही गत, तर कासेत विचारायलाच नको. तिथे स्टॅफिलोकॉकस ऑरियसला लपायला अख्खा वाडा मिळतो. तो दुधाच्या बारीक नलिकांच्या टोकाशी जाऊन बसतो, शरीर त्याच्याभोवती तंतूंची भिंत उभी करतं, आत बारीक पू-गाठी होतात. हाताला कास टणक लागते ती यामुळेच. रक्तातून येणारं औषध या भिंतीपलीकडे जेमतेम झिरपतं. रक्तातले जे पांढरे कण, म्हणजे पांढऱ्या पेशी, त्याला गिळायला येतात, त्यांच्याच पोटात तो जिवंत राहतो आणि पेनिसिलिनसारखं औषध पेशीच्या आत फारसं शिरत नाही. शिवाय तो चिकट थराआड, बायोफिल्ममध्ये, वस्ती करतो. ट्यूबचं औषध दुधात उतरतं, दुधातले जंतू मारतं, लक्षणं जातात. वाड्यातले तसेच राहतात.

आता तपासणीकडे या, कारण गोंधळ तिथे वाढतो. कल्चर सेन्सिटिव्हिटी म्हणजे दुधातला जंतू खळीसारख्या माध्यमावर पसरायचा, त्यावर औषधांच्या टिकल्या ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती किती रुंद मोकळं वर्तुळ पडलं ते मोजायचं. ही पद्धत 1966 मध्ये प्रमाणित झाली आणि निर्ढावलेला जंतू ओळखायला ती उत्तम आहे. दडलेला जंतू मात्र तिला दिसतच नाही. थाळीवर ना भिंत, ना पांढरे कण, ना थंडावलेले जंतू. सगळे खाऊनपिऊन वाढत असतात. म्हणून अहवालात ‘सेन्सिटिव्ह’, म्हणजे औषधाने मरणारा, असं आलं आणि तरीही सड बरा झाला नाही, तर प्रयोगशाळा चुकली असं समजू नये. तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं, आपला प्रश्न दुसराच होता. त्यातच दुधाचं स्वतःचं रसायन आहे: दुधातलं कॅल्शियम टेट्रासायक्लिनला धरून ठेवतं, तर जेन्टामायसिनच्या गटातली औषधं इंजेक्शनने दिली की रक्तातून दुधात फारच कमी उतरतात. थाळीवर छान वर्तुळ पाडणारं औषध सडात पोचलंच नाही, तर वर्तुळाचं काय करायचं? आणखी एक अडचण अशी, की किती रुंद वर्तुळाला ‘सेन्सिटिव्ह’ म्हणायचं याची बरीच मापं माणसांच्या आजारांवरून उसनी घेतलेली आहेत. उलट बाजूने, ‘रेझिस्टंट’, म्हणजे निर्ढावलेला, असं स्पष्ट उत्तर आलं तर ते गंभीरपणे घ्यावं. ते औषध पुन्हा देणं म्हणजे दूध फुकट फेकणं.

काही वेळा तर यातलं काहीच नसतं. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नाही, त्यामुळे पेनिसिलिन त्याला पहिल्या दिवसापासूनच लागू नाही. प्रोटोथेका ही शेवाळाची जात, किण्व ही बुरशी. प्रतिजैविकांना त्यांच्याशी काही कर्तव्य नाही. ई. कोलायचे जंतू अनेकदा जनावर स्वतःच संपवतं आणि आपण गाठी पाहून औषध देत बसतो. अशा वेळी ‘औषध लागू पडेना’ ही तक्रारच चुकीच्या माणसाविरुद्धची.

मग ओळखायचं कसं? नमुना औषध देण्याआधी घ्यायचा. सडाचं टोक सत्तर टक्के अल्कोहोलने पुसून, पहिल्या दोन-चार धारा बाजूला काढून. तीन-चार जातींचे जंतू एकदम उगवले तर तो नमुना कासेचा नसून हाताचा, शेणाचा समजावा. स्टॅफिलोकॉकस ऑरियस दुधात रोज सारखा उतरत नाही, त्यामुळे एका नमुन्यात ‘काही उगवलं नाही’ आलं म्हणून त्याला निर्दोष सोडू नये. उपचारांनंतर काही आठवड्यांनी पुन्हा कल्चर करावं. तोच जंतू, पूर्वीसारखाच ‘सेन्सिटिव्ह’ आणि तोच सड असेल तर दडल्याचा संशय बळावतो. जंतू दुसराच निघाला तर ती नवी लागण आहे; मग दोष औषधाचा नाही, धार काढण्याच्या पद्धतीचा, धार काढल्यावर सड जंतुनाशकात बुडवण्याच्या कंटाळ्याचा.

दोन्ही गोष्टी वेगळ्या असल्या तरी एकमेकींना अनोळखी नाहीत. 2017 मध्ये ई. कोलायवर झालेल्या प्रयोगांत दिसलं, की औषधाच्या माऱ्यात तग धरणारे जंतू आधी येतात आणि खरा प्रतिरोध त्यांच्यातूनच पुढे लवकर घडतो. म्हणजे दडलेल्या जंतूवर औषध बदलून बदलून मारा करत राहिलं की निर्ढावलेला आपल्याच हाताने घडतो. आणि ‘भारी’ म्हणून जे आणलं जातं ते बहुधा तिसऱ्या-चौथ्या पिढीचं सेफालोस्पोरिन नाहीतर फ्लोरोक्विनोलोन असतं. जागतिक आरोग्य संघटनेने माणसांसाठी अत्यंत महत्त्वाची म्हणून जपायला सांगितलेल्या औषधांच्या यादीत ही मोडतात. दुसरीकडे, दडण्याचाच बाऊ करून प्रतिरोध नाकारणंही बरोबर नाही. इंग्लंडमध्ये कासदाहाच्या अभ्यासात दुधातून एक असा जंतू मिळाला, जो थाळीवर एमआरएसएसारखा वागत होता, पण मेक-एच्या नेहमीच्या चाचणीत सापडत नव्हता. त्याच्याकडे त्याच घराण्यातलं, पण बरंच वेगळं जनुक निघालं. 2011 मध्ये ते जगासमोर आलं आणि पुढे त्याला ‘मेक-सी’ नाव मिळालं. तिथे थाळी बरोबर होती, जनुकाची चाचणी अपुरी होती.

ओघाने एक गल्लत इथेच मोडतो: दुधातले औषधाचे अंश आणि दुधातले निर्ढावलेले जंतू या एक नव्हेत. नीट पाश्चरीकरण केलं की जंतू मरतात, औषधाचे अंश त्यातून तसेच पार होतात. त्यासाठी औषधावर लिहिलेले दिवस पाळून दूध बाजूला काढणं, एवढाच मार्ग.

राहिली ती दडलेल्या जंतूची गाय. वय झालेलं, बरीच वेतं झालेली, एकाहून जास्त सड धरलेले, दुधातल्या पेशींची संख्या महिनोन्‌महिने मिलिलिटरमागे दोन लाखांच्या वर आणि कासेत हाताला टणक गाठ. अशा जनावराचा अहवाल कितीही चांगला येवो, बरं होण्याची आशा थोडीच असते. तरुण, नुकती लागण झालेल्या कालवडीत ती बरीच जास्त. गाय आटवताना, म्हणजे वेताआधी दूध बंद करताना, दिलेलं औषध दुभत्या काळातल्यापेक्षा अधिक लागू पडतं, कारण ते धारेबरोबर वाहून जात नाही. तोवर तिची धार सगळ्यांच्या शेवटी काढायची आणि तिच्या कासेला लावलेलं फडकं दुसरीकडे न्यायचं नाही.