नित्यनेम : सातारा-सांगलीची परंपरा

नित्यनेम म्हणजे रोज ठरल्या वेळी पाळायचे, स्वतःहून पत्करलेले उपासनेचे व वागणुकीचे बंधन. व्रताला मुदत असते, शेवटी उद्यापन असते. नेमाला दोन्ही नाही. सातारा व सांगली जिल्ह्यांत जप, ग्रंथवाचन, सूर्यनमस्कार, एकादशी, शनिवारी मारुतीला तेल, दिवेलागणीचे श्लोक अशा अनेक गोष्टी नेमात येतात. 'त्यांचा नेम कधी चुकत नाही' ही इथल्या गावांत एखाद्याबद्दल केलेली मोठी स्तुती असते.

याची मुळे जुनी आहेत. योगसूत्रांत अष्टांगांपैकी दुसरे अंग म्हणून शौच, संतोष, तप, स्वाध्याय व ईश्वरप्रणिधान हे पाच नियम सांगितले आहेत. गीतेच्या सहाव्या अध्यायात खाणे, फिरणे, झोपणे-जागणे बेताचे असावे आणि चंचल मन अभ्यासाने व वैराग्याने आवरावे, असा उपदेश आहे. हा विचार कृष्णाकाठच्या सामान्य घरांत मराठीतून रुजवण्याचे मोठे काम समर्थ रामदासांनी (1608–1682) केले. नाशिकजवळच्या टाकळीची तपश्चर्या व तीर्थाटन आटोपून ते कृष्णाखोऱ्यात आले. चाफळला 1648 मध्ये त्यांनी राममंदिर उभारले. अखेरची वर्षे त्यांनी परळीच्या किल्ल्यावर, म्हणजेच सज्जनगडावर काढली.

दासबोधाच्या 20 दशकांत आणि 200 समासांत तत्त्वज्ञान पुष्कळ आहे, पण नित्यनेमाच्या दृष्टीने अकराव्या दशकाचा तिसरा समास सर्वांत मोलाचा मानावा लागेल. त्यात माणसाचा अख्खा दिवस मांडला आहे. पहाटे उठावे, काही पाठांतर करावे, देवाचे स्मरण करावे. मग शौच, मुखमार्जन, स्नान, संध्या, देवपूजा. थोडा फलाहार, आणि लगेच 'मग संसारधंदा करावा'. गोड बोलून सगळ्यांना राजी राखावे. ज्याचा जो व्यवसाय असेल तिथे खबरदार असावे; लक्ष ठिकाणावर नसेल तर पोरसुद्धा फसवून जाईल, अशी रोखठोक ताकीदही आहे. जेवणानंतर थोडे वाचन-मनन, आणि एकही क्षण रिकामा जाऊ देऊ नये, हे भाग्यवंताचे लक्षण. या समासाचे खरे बळ असे की, पूजा आणि धंदा यांत तो भिंत घालत नाही. देवघरात एकाग्र असणारा माणूस गिऱ्हाइकाला माल मोजून देतानाही तितकाच एकाग्र असावा, ही त्याची अपेक्षा आहे. आधी प्रपंच नेटका करावा आणि मग परमार्थविवेक धरावा, हे पुढच्या दशकातले सांगणे याच धाग्यातले.

मनाच्या श्लोकांची संख्या 205. भुजंगप्रयात वृत्तामुळे ते मुलांच्या तोंडी सहज बसतात. सबंध उपदेश दुसऱ्या कुणाला नसून स्वतःच्या मनाला आहे आणि त्या मनाला सुरुवातीलाच 'सज्जना' म्हणून हाक मारली आहे. त्यामुळे या शिस्तीत धाक कमी आणि समजूत जास्त आहे. अनेक घरांत शुभंकरोतीपाठोपाठ पाच-सात श्लोक म्हटले जातात. अर्थ तेव्हा कळत नाही. मोठेपणी एखाद्या अडचणीत नेमकी ओळ आठवते.

समर्थांनी बळाच्या उपासनेसाठी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी सात सातारा जिल्ह्यात, तर बहे व शिराळा हे दोन सांगली जिल्ह्यात आहेत. शरीराच्या नेमाला पुढे सातारा भागातल्या औंध संस्थानात राजाश्रय मिळाला. औंधचे राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी (1868–1951) स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत आणि संस्थानातल्या शाळांतूनही त्यांनी ते सुरू केले. मंत्रोच्चारासह घातलेला नमस्कार एकाच वेळी व्यायाम आणि उपासना ठरतो. रथसप्तमीला अनेक शाळांच्या मैदानांवर तो आजही सामुदायिकपणे घालतात.

माण तालुक्यातील गोंदवले बुद्रुक हे नामसाधनेचे केंद्र. ब्रह्मचैतन्य गोंदवलेकर महाराजांनी (1845–1913) 'श्रीराम जय राम जय जय राम' या तेरा अक्षरी मंत्राचा जप घरोघरी नेला. प्रपंच सोडू नका, पण नाम सोडू नका, हा त्यांच्या शिकवणीचा गाभा. माळेत 108 मणी असतात. मधले बोट आणि अंगठा यांनी मणी ओढायचा, तर्जनी लागू द्यायची नाही. माळेच्या टोकाचा मेरुमणी आला की तो न ओलांडता माळ उलटी फिरवायची. घाईत असलेल्या माणसाला तिथे क्षणभर थांबावेच लागते. गोंदवल्याला येणाऱ्यांना मिळणारे जेवणही उपासनेचाच भाग आहे. दुष्काळी माणदेशात अन्नदानाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

ग्रंथांतला दिनक्रम मुख्यतः कर्त्या पुरुषाचा आहे. बाईचा दिवस त्याच्याही आधी उजाडतो आणि उशिरा मावळतो. तिला देवापुढे बसायला वेगळा वेळ क्वचितच मिळाला, म्हणून तिचा नेम कामातच मिसळला. पहाटे जात्यावर बसून विठ्ठलाच्या ओव्या गात पायलीभर दळण संपायचे. जाती गेली. आता कणीक मळताना आकाशवाणी सांगलीवरची भक्तिगीते लागतात, हरिपाठ ओठांवर असतो. या उपासनेची नोंद फारशी कुणी घेतली नाही, आणि हे अन्यायाचेच आहे.

काळाप्रमाणे नेमाची वेळ हलते. ऊसपट्ट्यात शेतीची वीज अनेकदा रात्री येते. रात्रभर उसाला दारे धरून पहाटे चिखलाच्या पायांनी परतलेल्या माणसाला काकडआरती गाठता येत नाही. तो हातपाय धुऊन चार माळा ओढतो आणि झोपतो. साखर कारखान्यात तिसऱ्या पाळीला जाणारे दासबोधाचा समास दुपारी वाचतात. प्रवासात मानसपूजा, म्हणजे मनातल्या मनात केलेली पूजा, चालते. सुतकात देवपूजा बंद राहते, नाम मात्र चालू राहते. नामाला सोवळेओवळे नाही, असेच संतपरंपरा मानते. आजारपणात खंड पडला तर बरे वाटल्यावर राहिलेल्या माळा पुऱ्या करण्याची रीत अनेकजण पाळतात. जाणती मंडळी नव्याला आधी एकच माळ घ्यायला सांगतात, अकरा नाही.