किनाऱ्यालगतचा रस्ता खचतो कसा?

एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला खाली समुद्र आणि मधे डोंगर कापून काढलेला अरुंद रस्ता. असा रस्ता खचला की सगळे समुद्राला दोष देतात. लाटा पायथा कुरतडतात हे खरंच. पण बिघाडाची सुरुवात पुष्कळदा वरून, डोंगरातून उतरणाऱ्या पाण्यानं होते.

रस्ता काढताना आतला उतार कापतात आणि निघालेला माल बाहेरच्या बाजूला भरतात. त्यामुळे आतली बाजू मूळ जमिनीवर, तर समुद्राकडची भरावावर बसते. भरावात पाणी मुरलं की त्याचं वजन वाढतं. शिवाय मातीच्या कणांमधल्या पाण्याचा दाब कणांना एकमेकांपासून सुटं करू पाहतो, म्हणून पकड सैल होते. डांबरावर याची खूण दिसते ती दोन्ही टोकं समुद्राकडे वळलेल्या अर्धचंद्राकृती भेगेची. भेगेच्या समुद्राकडच्या कडेला हात लावून पाहावा. ती बोटभर जरी खाली बसलेली असेल, तर खालची जमीन सरकते आहे. पाणी शिरू नये म्हणून भेग बुजवायलाच हवी, पण तेवढ्यानं सरकणं थांबत नाही. दोन्ही बाजूंना खिळे ठोकून त्यांतलं अंतर दर मोठ्या पावसानंतर मोजावं.

खोल मुरलेलं पाणी उशिरा परिणाम दाखवतं. कॅलिफोर्नियात बिग सूरच्या किनाऱ्यावर मड क्रीकची दरड २० मे २०१७ रोजी कोसळली. तिथला पाऊस हिवाळ्यातला, म्हणजे त्याचा जोर तेव्हा ओसरला होता. सुमारे चारशे मीटर रस्ता गाडला गेला. तो पुन्हा सुरू झाला जुलै २०१८ मध्ये, दरडीच्या ढिगाऱ्यावरूनच. लाटांसाठी पायथ्याशी मोठ्या दगडांचा बांध घालून.

रस्त्याखालच्या संरक्षक भिंतीलाही धोका साचलेल्या पाण्याचाच. ३ मीटर उंच भिंतीमागे काठोकाठ पाणी साचलं, तर दर मीटर लांबीला केवळ पाण्याचा रेटा साधारण साडेचार टन येतो. उंची दुप्पट केली की रेटा चौपट, म्हणजे १८ टन. म्हणून भिंतीत पाणी बाहेर काढणारी भोकं, म्हणजे वीप होल, ठेवतात आणि मागे खडीचा गाळणथर भरतात. नेमका हाच थर घाईच्या कामात वगळला जातो, कारण भिंत पूर्ण झाल्यावर तो दिसत नाही. मुसळधार पावसात भोकं कोरडी राहिली तर ती बहुधा बुजली आहेत. गढूळ पाणी येत असेल तर मागची माती वाहून चालली आहे आणि पोकळी तयार होते आहे. नितळ पाणी आलं तर काम नीट चाललं आहे. डोंगराकडचं गटार आणि रस्त्याखालून पाणी पलीकडे नेणाऱ्या मोरीचं तोंड पावसाआधी साफ करणं हा या साऱ्यातला सर्वांत स्वस्त उपाय. मोरी तुंबली की पाणी रस्त्यावरून समुद्राकडे जातं आणि भरावाची कड कापून नेतं.

आता लाटा. त्यांच्यासाठी टाकलेले दगड किती मोठे असावेत? लाटेची उंची दुप्पट झाली तर तितकाच टिकाव धरायला दगडाचं वजन आठपट लागतं. थोडे मोठे दगड टाकून भागत नाही. त्यांच्याखाली लहान दगडांचा किंवा गाळण-कापडाचा थर नसेल, तर लाट परतताना फटींतून माती ओढून नेते आणि दगड बसत जातात. उभ्या भिंतीवर आपटलेली लाट पायाजवळची वाळू उकरते, म्हणून पाया त्या खणाईच्या खाली न्यावा लागतो.

पुलांचा शत्रू मात्र मीठ. काँक्रीट चांगलंच अल्कधर्मी असतं, त्यामुळे सळईवर संरक्षक पापुद्रा टिकतो. मिठातलं क्लोराइड आत झिरपलं की तो फुटतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा घेतो आणि काँक्रीट आतून उकलतं. सर्वांत वाईट हाल होतात तुषार पडणाऱ्या पट्ट्याचे, कारण तिथे मीठ, ओल आणि हवा तिन्ही मिळतात. कायम बुडालेल्या भागात ऑक्सिजन कमी, म्हणून गंजही कमी. हातोडीनं ठोकल्यावर बद्द आवाज आला की आत थर सुटला आहे. वरून गिलावा करून भागत नाही: खारावलेलं काँक्रीट सळईच्या मागपर्यंत काढावं लागतं, नाहीतर जुन्या-नव्याच्या सांध्यालगत गंज पुन्हा जोरानं सुरू होतो.